रूपालीच्या हाताखालचं लाल बटन

मित्रांनो, तेल्हाऱ्याच्या बाजारात फुलांचं एक दुकान आहे आणि त्या दुकानामागे पत्र्याची एक खोली आहे. खोलीतल्या टेबलावर प्लायवूडची एक चपटी पेटी ठेवलेली असते. पेटीच्या डाव्या अंगाला काळ्या मुठीची दांडी आहे आणि उजव्या अंगाला एक लाल, फुगीर, कडेनं रंग विटलेलं बटन आहे. ते जुनं बटन म्हणजे मी.

मारामारीच्या व्हिडिओ गेमचं बटन म्हटलं की मोठी माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, आणि ज्या हाताखाली मी काम केलं त्या हाताचा तर त्याहून जास्त. म्हणून ही गोष्ट सांगताना मी माझ्याबद्दल थोडं आणि रूपालीबद्दल पुष्कळ बोलणार आहे.

माझा जन्म कोणत्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. वितळलेलं लाल प्लास्टिक साच्यात ओतलं गेलं, गार झालं आणि मी बाहेर पडलो. माझ्या पोटाखाली एक स्प्रिंग बसवली गेली आणि स्प्रिंगखाली एक इवलासा स्विच. तेव्हापासून माझ्याजवळ दोन आवाज आहेत. मला दाबलं की टिक असा एक आवाज होतो आणि सोडलं की दुसरा. हा दुसरा आवाज फार हलका असतो. खेळणाऱ्यांच्या गोंगाटात तो कुणालाच ऐकू येत नाही, आणि आला तरी त्याच्याकडे लक्ष कोण देणार?

माझ्यासारखी बटनं, दोन दांड्या आणि एक जाड काचेचा पडदा असं मिळून एक मोठं खोकं तयार झालं. ते खोकं काही वर्षं अकोल्याच्या एका दुकानात होतं. तिथून ते ओमप्रकाशनं विकत घेतलं आणि टेम्पोत घालून तेल्हाऱ्याला आणलं.

ओमप्रकाशचं घर फुलांचं. हिवरखेडजवळ त्यांचं शेत होतं. शेवंती, झेंडू, निशिगंध असं काहीबाही तिथं बारमाही चालायचं. शेतातली फुलं तेल्हाऱ्याच्या दुकानात यायची आणि ओमप्रकाशची आई माणिकबाई पाटावर बसून हार करायची. दुकान बसस्टँडपासून जवळ होतं. गाडीची वाट पाहत उभी असणारी पोरं खेळायला येतील, असा ओमप्रकाशचा विचार.

माणिकबाईला तो मुळीच पटला नव्हता. खोकं टेम्पोतून उतरताना ती पाटावरून उठलीसुद्धा नाही.

"देवाच्या फुलापाशी हे मारामारीचं खोकं कायले आणलं?" ती म्हणाली.

"मागच्या खोलीत ठेवतो न माय. आवाज कमी ठेवीन."

"आवाज कमी केला म्हून मारामारीची आरती होते काय?"

तरी खोकं मागच्या खोलीत गेलं, आणि पोरं आली. बाप रे, काय गर्दी व्हायची. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहायचे आणि पोरं आम्हा बटनांवर अक्षरशः तुटून पडायची. कुणी तळहातानं हाणायचं, कुणी मुठीनं. मी जोराच्या ठोशाचं बटन असल्यानं सगळ्यात जास्त मार मलाच. ज्याचे हात जास्त चालतील तो जिंकेल अशी त्यांची समजूत होती.

खरा खेळ तसा नसतो, मित्रांनो. प्रत्येक योद्ध्याजवळ काही खास डाव असतात. तोंडातून आगीचा गोळा सोडायचा असेल तर दांडी आधी खाली, मग तिरकी, मग समोर अशी एका दमात फिरवावी लागते आणि ती समोर पोचते त्याच क्षणी मला दाबावं लागतं. जरा आधी दाबलं तर नुसता ठोसा निघतो. जरा उशिरा दाबलं तरी नुसता ठोसाच. क्षण साधला तरच गोळा. दुसऱ्या एका योद्ध्याची तऱ्हा वेगळी. त्याची दांडी मागे धरून थोडा दम खायचा आणि मग एकदम समोर ढकलून बटन दाबायचं. घाई झालेल्या पोरांना हे थांबणंच जमत नसे. दहादा बटनं बडवावीत तेव्हा एखादा गोळा नशिबानं निघायचा, आणि मग त्या पोराला वाटायचं की तो आपणच काढला.

अशात ओमप्रकाशचं लग्न झालं आणि वरूडची रूपाली सून होऊन घरात आली. माहेरी संत्र्याच्या बागा. फळ हातात घेताच ते कितपत पिकलंय हे ओळखायची सवय तिच्या बोटांना होती. हार करायला ती माणिकबाईकडून शिकली आणि बघता बघता सासूपेक्षा चपळ झाली. तीन बोटं दोऱ्यावरून अशी काही सरकायची की फूल कधी आलं आणि गाठ कधी बसली ते बघणाऱ्याला कळायचं नाही.

दुपारी ओमप्रकाश शेतावर जायचा. माणिकबाई जेवून आडवी व्हायची. पोरं शाळा-कॉलेजात. दुकानात रूपाली एकटी. गिऱ्हाईक तुरळक. एका दुपारी हातातला हार पूर्ण करून ती मागच्या खोलीत आली आणि खोक्यासमोर उभी राहिली. इकडे तिकडे पाहून तिनं ते चालू केलं.

मला अजून आठवतं, तिनं माझ्यावर बोट ठेवलं ते अगदी अलगद. इतक्या दिवसांत मला कुणी असा हात लावला नव्हता. तिनं एक योद्धाही असा निवडला की ज्याला पोरं ढुंकून पाहत नसत. पांढऱ्या दाढीचा, कमरेत वाकलेला एक बुवा. पहिल्या दिवशी ती हरली. दुसऱ्या दिवशीही हरली. पण ती बडवत नव्हती, बघत होती. दांडी कुठं असताना काय निघतं, किती लवकर, किती उशिरा. हाराची सवय असलेली तिची तीन बोटं हळूहळू तीन बटनांवरून एकामागून एक सरकायला लागली. पहिलं बोट जरा आधी पडलं तर दुसरं क्षण साधायचं, दुसरं चुकलं तर तिसरं. बुवाच्या तोंडातून गोळे निघायला लागले.

आणि मग एका दुपारी, पंखासुद्धा बंद होता तेव्हा, तिला माझा दुसरा आवाज ऐकू आला.

तिनं मला दाबलं. टिक. बोट तसंच ठेवलं. मग सोडलं. टिक. ती थोडी वाकली आणि तिनं पुन्हा तसंच केलं. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिनं मला दाबून धरलं, तसंच धरून दांडी खाली, तिरकी, समोर फिरवली, आणि दांडी समोर पोचताच बोट उचललं.

गोळा निघाला.

मित्रांनो, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. मला सोडणंसुद्धा खेळाला कळतं, हे मला माहीत होतं. खोक्याला माहीत होतं. माणसांत मात्र, निदान तेल्हाऱ्यात तरी, ते पहिल्यांदा रूपालीला कळलं. ती एकटीच हसली आणि पदरानं कपाळ पुसून पुन्हा खेळायला लागली.

पुढच्या लग्नसराईत अकोल्याचा नितेश नावाचा एक तरुण पाहुणा म्हणून तेल्हाऱ्यात आला होता. अकोल्यातल्या व्हिडिओ गेमच्या पार्लरांमध्ये त्याचं नाव होतं. तो दुकानात हार घ्यायला आला, मागे खोकं दिसलं म्हणून थांबला आणि त्यानं एकेक करून गावातली सगळी पोरं हरवली. पोरांची तोंडं उतरली. ओमप्रकाशचाही चेहरा पडला होता. आपलं खोकं, आपलं गाव, आणि बाहेरचा माणूस येऊन सगळ्यांना लोळवून जातो.

रूपाली दारात उभी होती. तिच्या हातात अर्धा हार होता.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी खेयू का एक डाव?"

ओमप्रकाशनं तिच्याकडे पाहिलं. नितेश भला माणूस होता. तो हसला, पण वाईट हसला नाही. "या न वहिनी," म्हणून बाजूला सरकला.

नितेशची एक युक्ती होती. तो समोरच्याचा हात कानानं ओळखायचा. बटनाची टिक ऐकली की गोळा येणार हे त्याला कळायचं आणि तो वरून उडी मारून यायचा. पहिल्या फेरीत तो असाच जिंकला. दुसऱ्या फेरीत रूपालीनं मला सुरुवातीलाच दाबलं आणि दांडी समोर पोचेपर्यंत सोडलंच नाही. नितेश टिक ऐकायला थांबला. टिक आलीच नाही, गोळा आला. तो चमकला. पुन्हा थांबला, पुन्हा गोळा. आता तो घाबरून आधीच उड्या मारायला लागला, आणि वर उडाला की बुवाचा ठोसा तयार. दुसरी फेरी तिची, तिसरीही तिची.

खोलीत जो गलका झाला त्यानं पत्रे हलले. नितेश मात्र तिच्या बोटांकडे पाहत राहिला होता.

"कोणी शिकवलं वहिनी तुमाले हे?"

"कोणी नाही," रूपाली म्हणाली. "दुपार लय मोठी असते इथची."

गलका ऐकून माणिकबाई उठून आली. आता बोलणी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. पोरं भिंतीला चिकटली. सुनेनं परक्या माणसासोबत मारामारीचा खेळ खेळला होता, आणि तोही भर दुकानात. माणिकबाईनं रूपालीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"नवरदेवाचा हार झाला काय?"

"थोडासा राहिला, आत्याबाई."

"तो कर आधी. मंग खेय."

एवढंच म्हणून ती परत गेली. त्या दिवसापासून रूपालीच्या खेळण्याला घरात कुणी आडकाठी केली नाही. हिवरखेडहून, पार अकोटहून पोरं यायची आणि "वहिनी आहेत का" म्हणून विचारायची. सोडून मारायचा तो डाव मात्र कुणालाच समजला नाही. तिनं लपवला होता असं नाही. कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना ती जादू वाटायची. जादू कशी करतात हे विचारायला थोडं धाडस लागतं.

वर्षं गेली. रूपालीला मुलगी झाली, रागिणी. लोकांच्या हातात मोबाइल आले, पोरांचे खेळ खिशात गेले. खोक्यासमोरची गर्दी विरळ झाली, मग नाहीशी झाली. शेवटी पडदा जळाला तेव्हा तो दुरुस्त करायला कुणीच धावलं नाही. भंगारवाला आला. खोकं हातगाडीवर चढवण्याआधी रूपाली पेचकस घेऊन आली आणि तिनं मला एकट्याला खोलून काढलं.

"ते कायले पायजे तुले?" ओमप्रकाशनं विचारलं.

"असू द्या," ती म्हणाली.

दोरे, सुया आणि जरीचे तुकडे ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात मला जागा मिळाली. तिथं मी पुष्कळ वर्षं पडून होतो. दोरा घ्यायला हात आत यायचा, मला बाजूला सारायचा, निघून जायचा. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण निदान मी तिच्या हाराच्या सामानात होतो. खोक्यातल्या माझ्या भावंडांचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

मग तो दसऱ्याच्या आधीचा दिवस उजाडला. दुकानात झेंडूचे ढीग पडले होते. रूपाली सकाळपासून तोरणं करत होती. बोलता बोलता तिच्या हातातला दोरा गळून पडला. तिनं तो उचलायला हात पुढे केला, तर हात पुढे गेलाच नाही. तोंड वाकडं झालं. ओमप्रकाशनं तिला गाडीत घालून अकोल्याला नेलं.

लकवा होता. वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. काही आठवड्यांनी ती चालायला लागली, बोलणंही बरंचसं सरळ झालं. उजवा हात मात्र तसाच राहिला. खांदा थोडा हलायचा, कोपर ओढून हात वर घेता यायचा, पण बोटं ऐकत नव्हती. डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितला होता. हात आत्ता वापरात ठेवला तर थोडाफार परत येईल, नाहीतर आहे तेही जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

रूपालीनं व्यायाम केला नाही. रबरी चेंडू दिला होता तो खाटेखाली गेला. ती दुकानात येईना. गिऱ्हाइकांनी "वहिनी कशा आहेत" म्हणून विचारावं आणि त्यांची नजर हाताकडे जावी, हे तिला नको होतं. ती मागच्या खोलीत, जिथं कधीकाळी खोकं होतं तिथंच, भिंतीला टेकून बसायची. माणिकबाई आता सत्तरीला आली होती. तिनं पुन्हा पाट धरला, थरथरत्या बोटांनी हार करायला लागली. सुनेला ती एका शब्दानं बोलली नाही. मला डब्यातून सगळं ऐकू यायचं, आणि माणिकबाईची ती शांतताच मला सगळ्यात जड वाटायची.

रागिणी तेव्हा अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. सुट्टीत ती घरी आली आणि आजीला दोरा द्यायला तिनं डबा उघडला. तिच्या हाताला मी लागलो.

"आजी, हे काय आहे?"

माणिकबाईनं चष्म्यातून पाहिलं. "ते होय? तुह्या मायचं बटन आहे."

आणि मग त्या म्हातारीनं हातातला हार मांडीवर ठेवून नातीला सगळं सांगितलं. खोकं, पोरं, अकोल्याचा पाहुणा. रागिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपली आई हार करते, एवढंच तिला ठाऊक होतं.

"लय मोठा खेळाडू होता तो," माणिकबाई म्हणाली. "तोंडात बोट घालून गेला इथून. अख्खं गाव पाहून राहिलं होतं. मी काही बोलली नाही तवा. पण मले लय बरं वाटलं होतं."

रागिणी बराच वेळ मला तळहातावर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती सुताराकडून प्लायवूड कापून घेऊन आली. पुढच्या आठ दिवसांत अमरावतीहून मागवलेली नवी दांडी, नवी बटनं, तारा, सगळं तिनं त्या पेटीत बसवलं आणि पेटी आपल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर तसाच एक मारामारीचा खेळ होता. मला तिनं अजून पेटीत घेतलं नव्हतं. जुनं आहे, बिघडेल, असं तिला वाटलं असावं.

पेटी आईसमोर ठेवली तेव्हा रूपालीचा चेहरा कठीण झाला.

"माह्या हाताचा तमाशा करून राहिली काय तू?"

"नाही आई. मले वाटलं..."

"उचल ते."

रागिणी उठून बाहेर गेली. ती रडली की नाही ते मला दिसलं नाही, पण बऱ्याच वेळानं परत आली. पेटी तशीच पडून राहिली. कुणी तिच्यावर भाजी निवडायचं ताट ठेवलं, कुणी वर्तमानपत्र.

मग एका दुपारी माणिकबाई आत आली. तिनं ताट उचललं, पेटी पुसली आणि सुनेपुढे ठेवली.

"नको खेयू," ती म्हणाली. "पण पोरीनं इतके दिवस खपून बनवली, तर हात तं लाव. तिचं मन राहते."

सासूचा शब्द रूपालीनं कधी मोडला नव्हता. तिनं डावा हात दांडीवर ठेवला आणि उजवा हात डाव्यानं उचलून बटनावर ठेवला. रागिणीनं खेळ सुरू केला. उजवा हात दगडासारखा होता. नवं बटन ताठ होतं. त्या हाताच्या वजनानं ते दबेना. रूपालीनं खांद्यातून जोर लावला तर हात घसरून खाली पडला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "झालं समाधान?"

"थांब न आई. हे बटनच कडक आहे." रागिणीनं डब्यातून मला काढलं, नवं बटन खोललं आणि त्या जागी मला बसवलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या मारानं माझी स्प्रिंग ढिली पडली होती. बाजारात मला कुणी फुकटही घेतलं नसतं. पण तो हात माझ्यावर ठेवला गेला आणि नुसत्या त्याच्या वजनानं मी दबलो. टिक. पडद्यावर योद्ध्यानं ठोसा मारला.

रूपालीनं पडद्याकडे पाहिलं. पुढं मात्र काहीच जमेना. पुन्हा दाबायचं तर हात उचलून पुन्हा टाकावा लागे, आणि तो पडेपर्यंत क्षण निघून जाई. दांडी आधी पोचायची, हात उशिरा. गोळा एकदाही निघाला नाही. शेवटी ती थकली. हात माझ्यावरच पडून होता.

"हात काढ आई," रागिणी हळूच म्हणाली. "मी बंद करते."

रूपालीनं कोपर मागे ओढलं. हात वर आला. टिक.

ती थांबली. तिनं मान कलती केली. खोलीत कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे तो दुसरा आवाज स्वच्छ ऐकू आला होता.

"बंद नको करू," ती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं उजवा हात पुन्हा माझ्यावर ठेवला. तो तसाच राहू दिला. दांडी खाली घेतली, तिरकी घेतली, समोर नेली आणि कोपर ओढलं. पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदाही झाला. कितीतरी वेळा झाला. आणि मग गोळा निघाला, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"आई, तू तं बटन दाबलंच नाही," रागिणी म्हणाली.

"दाबायचं नाही," रूपाली म्हणाली. "सोडायचं." आणि तिनं दाराकडे पाहून मोठ्यानं हाक मारली, "आत्याबाई, या इकडे. पाहा."

त्या दिवसानंतर हात रोज माझ्यावर यायला लागला. चेंडू दाबायला कंटाळणारी रूपाली कोपर ओढायला कधी कंटाळली नाही. एक अडचण होती. मला दाबताना आधी नुसता ठोसा निघतोच, आणि तिचा हात सावकाश पडत असल्यानं समोरच्याला ते आधीच दिसायचं. त्यावरही तिनं उपाय काढला. हात पडायच्या वेळी ती डाव्या हातानं दांडी मागे-वर ओढायची. योद्धा मागे उडी मारायचा, ठोसा हवेत वाया जायचा, आणि तो जमिनीवर उतरेपर्यंत मी दाबलेला असायचो. आता गोळा तिच्या हातात होता. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी हात उचलायला सांगितला, तर तो आधीपेक्षा वर गेला. बोटं तशीच होती. पण हात वर गेला.

उन्हाळ्याच्या आधी रागिणीच्या कॉलेजात खेळांची स्पर्धा होती. तिनं विचारलं तेव्हा रूपालीनं लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "साडी कोणती नेसू?"

सगळं घर अमरावतीला गेलं. एसटीत पेटी माणिकबाईच्या मांडीवर होती; तिनं ती दुसऱ्या कुणाकडे दिलीच नाही. हॉलमध्ये पोरांची गर्दी होती. स्पर्धेचं काम पाहणाऱ्या प्रतीक्षानं पेटी तपासली.

"काकू, तुम्ही एवढं एकच बटन वापरणार?"

"हात एवढ्या एकालेच पुरते बाई," रूपाली म्हणाली.

"चालेल," प्रतीक्षा म्हणाली आणि तिनं खुर्ची ओढून दिली.

पहिला प्रतिस्पर्धी पोरगा भला होता. काकू आहेत म्हणून जरा हळू खेळू, असं त्यानं ठरवलेलं दिसलं. तो हरला. दुसऱ्यानं त्याचं पाहून पूर्ण जोर लावला आणि तोही हरला. आता पोरं उठून आमच्या टेबलाभोवती यायला लागली. तिसरा होता अंकुर, मागच्या वर्षीचा विजेता. तो रूपालीला नमस्कार करून बसला आणि मग अजिबात हळू खेळला नाही. ही बाई एकच बटन वापरते हे त्यानं पहिल्या फेरीतच ओळखलं आणि अंगावर येऊन येऊन ती फेरी जिंकली.

दुसऱ्या फेरीत रूपाली त्याला जवळच येऊ देईना. गोळा, मागे उडी, गोळा. मध्येच ती मला धरून नुसतीच थांबली. अंकुरही थांबला. त्याला आत्ता येईल, आत्ता येईल असं वाटत राहिलं आणि शेवटी त्याचाच धीर सुटला. तो उडाला. तो खाली येत असताना रूपालीनं कोपर ओढलं. त्या एका गोळ्यावर फेरी संपली.

हॉलमध्ये टाळ्यांचा जो आवाज झाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. पलीकडच्या खुर्चीवरच्या कुणा बाईंना माणिकबाई सांगत होती, "माही सून आहे. फुलाचं दुकान आहे आमचं तेल्हाऱ्याले. कधी आल्या तं येजा."

तिसरी फेरी अंकुरनं जिंकली. रूपालीचा हात थकला होता, शेवटचे गोळे उशिरा सुटले. खरं तेच सांगतो, मित्रांनो. आम्ही ती स्पर्धा जिंकलो नाही. अंकुर उठून उभा राहिला.

"काकू, एक विचारू? तुम्ही दाबताना दिसतच नाही. तो गोळा निघतो कसा?"

रूपालीनं त्याचा हात धरून माझ्यावर ठेवला. "दाबून ठेव. आता दांडी फिरव. आता सोड."

अंकुरचा गोळा निघाला आणि तो लहान पोरासारखा हसला. मागे उभ्या असलेल्या पोरांना आपापले हात पुढे करायची घाई झाली. ओमप्रकाश जवळ आला आणि म्हणाला, "चाल आता, थकली असशील. गाडीची वेळ होऊन राहिली."

रूपालीनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पुन्हा माझ्यावर ठेवला.

"जाऊ न. आणखी एक लाव, रागिणी."

मित्रांनो, हल्ली आमच्या पत्र्याच्या खोलीत पुन्हा पोरं येतात, पोरीही येतात. कुणी घाईनं मला बडवायला लागलं की रूपाली त्याचा हात धरते. माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं आहे. यंत्राला हाणू नका. त्याला हात लावून, कान देऊन पाहा, ते किती प्रकारांनी तुमचं ऐकतं. जुनं झालं, ढिलं झालं म्हणून लगेच भंगारात टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणाचा हात जड झाला असेल, तर तो हात मांडीवर निजवून ठेवू नका. त्याला अजून काय जमतं ते शोधा, आणि त्याच्याखाली काहीतरी ठेवा.

मी पेटीत तयार आहे. बसा. हात हलकेच ठेवा.